वैऱ्यांवर प्रीती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती शिकवणीतील ज्या आज्ञेचे कौतुक सर्वांत जास्त होते आणि जी पाळण्याची वेळ आली की सर्वांत जास्त सबबी पुढे येतात, ती ही आज्ञा. तिच्याविषयी येणारे बरेच प्रश्न अभ्यासातून आलेले नसतात. ज्यांना कोणी खरोखर दुखावले आहे, असे लोक ते विचारतात, आणि म्हणूनच काही उत्तरे लांबली आहेत.

ही आज्ञा कोठे आहे आणि तिचे शब्द काय आहेत?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनाच्या ओघात, येशू म्हणतो : "तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा." लूकच्या ६ व्या अध्यायात तीच आज्ञा चार क्रियापदांत उलगडली आहे : प्रीती करा, द्वेष करणाऱ्यांचे बरे करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. पहिले क्रियापद सोडले, तर उरलेली तीन हातांनी किंवा तोंडाने करण्याची कामे आहेत.

आज्ञेमागचे कारणही नीट वाचण्यासारखे आहे. देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगववतो, पाऊस दोघांवरही पाडतो, आणि त्याची लेकरे म्हणवणाऱ्यांनी त्याच्यासारखे वागावे, असे मत्तय सांगतो. देव कृतघ्नांवर आणि दुष्टांवरही कृपा करतो, असे लूक म्हणतो. प्रीती केल्याने वैरी सुधारेल, असे दोघांपैकी कोणीही म्हटलेले नाही.

'वैऱ्याचा द्वेष कर' असे जुन्या करारात कोठे लिहिले आहे?

'आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर आणि आपल्या वैऱ्याचा द्वेष कर' असे सांगितलेले तुम्ही ऐकले आहे, असे म्हणून येशू ही आज्ञा देतो, म्हणून हा प्रश्न येतो. द्वेषाचे वाक्य तेथे कोठेही लिहिलेले नाही. "आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर" हा भाग लेवीय १९:१८ मध्ये आहे. द्वेषाचा उत्तरार्ध लोकांनी आपापल्या सोयीने जोडलेला दिसतो. मृत समुद्राजवळ कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत एका यहुदी पंथाचा नियमग्रंथ आहे. त्यात प्रकाशाच्या पुत्रांवर प्रीती आणि अंधाराच्या पुत्रांचा द्वेष करण्यास सांगितले आहे, म्हणजे असा विचार त्या काळी खरोखरच शिकवला जात होता.

उलट, निर्गम २३:४-५ मध्ये वैऱ्याचा चुकार बैल किंवा गाढव दिसले तर ते त्याच्याकडे पोहोचवावे, आणि आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली दबून पडलेले दिसले तर त्याला उठवण्यास हात लावावा, असा स्पष्ट नियम आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात इस्राएलाच्या शत्रूचे, अरामी सैन्य शोमरोन शहरात अडकते, तेव्हा राजा अलीशा संदेष्ट्याला विचारतो की, यांना मारून टाकू का? अलीशा त्यांना अन्नपाणी देऊन घरी पाठवायला सांगतो. येशूची आज्ञा या परंपरेतूनच आली आहे. नवा करार प्रेमाचा आणि जुना सूडाचा, ही वाटणी मूळ ग्रंथ न वाचता केलेली आहे.

त्या वेळच्या श्रोत्यांनी 'वैरी' हा शब्द कोणाविषयी घेतला असेल?

रोमी सैनिक कोणालाही धरून आपले सामान मैलभर वाहायला लावू शकत असे. "कोणी एक कोस वेठीस धरले तर दोन कोस जा" हे वचन याच प्रवचनात, या आज्ञेच्या अगदी थोडे आधी येते. त्याशिवाय परक्या सत्तेसाठी वसुली करणारे जकातदार होते, आणि पिढ्यान् पिढ्यांचे हाडवैर असलेले शोमरोनीही होते. मत्तय १०:३६ मध्ये तर माणसाच्या घरचेच लोक त्याचे वैरी होतील, असे म्हटले आहे. राजकीय शत्रू, जातीय शत्रू, घरातला शत्रू, असे सगळेच त्या शब्दात बसतात, आणि आपल्याला नको असलेला प्रकार वगळण्याची मुभा त्यात नाही.

मनात संताप असताना प्रेम करायचे, हे ढोंग नव्हे काय?

प्रेम म्हणजे जिव्हाळा, आवड, सहवासाची ओढ, असा अर्थ धरला तर होय, ते ढोंगच ठरेल, कारण अशा भावना आज्ञेने निर्माण होत नाहीत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांनी १७ नोव्हेंबर १९५७ रोजी माँटगोमेरी येथील आपल्या मंडळीपुढे या विषयावर प्रवचन दिले, तेव्हा येशूने वैरी आवडायला हवेत असे म्हटलेले नाही, ही गोष्ट त्यांनी मुद्दाम वेगळी काढून सांगितली. घरावर बाँब टाकणारी माणसे आवडणे कठीण आहे, आणि हे ते ऐकीव माहितीवरून सांगत नव्हते : ३० जानेवारी १९५६ रोजी त्यांच्या स्वतःच्या घरावर बाँब पडला होता, आणि त्या वेळी त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी आत होती.

आज्ञेत मागितलेली प्रीती हा इच्छेचा निर्णय आहे : या माणसाचे खरे हित व्हावे असे मी इच्छीन, आणि वेळ येईल तेव्हा त्या हिताच्या दिशेने वागेन. निर्गमातल्या नियमात गाढव उचलायचे आहे, मालकाला मिठी मारायची नाही. आणि ओझे उचलताना मनात चडफड चालू असली तरी नियम पाळला गेला असेच म्हणावे लागेल. थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञाने हा प्रश्न नेहमीच्या काटेकोरपणे सोडवला आहे. त्याच्या मते वैऱ्यावर त्याच्या वैरासकट प्रेम करणे हे विकृत आहे, कारण ते दुसऱ्याच्या वाईटपणावर प्रेम करणे होय. प्रेम करायचे ते त्याच्या माणूसपणावर. सर्वांसाठी करायच्या प्रार्थनेतून त्याला वगळू नये आणि तो खरोखर अडचणीत सापडला तर मदत नाकारू नये, इतके प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यापलीकडे जाऊन खास जिव्हाळा दाखवणे हे पूर्णत्वाचे लक्षण आहे, पण ते प्रत्येकाकडून सक्तीने मागता येत नाही. मला ही पायरी फार उपयोगी वाटते, कारण शिखर दिसत नाही म्हणून डोंगराच्या पायथ्यावरूनच परत फिरणारे अनेक जण असतात.

रागाविषयी इफिसकरांस पत्रात रागावूनही पाप करू नका असे म्हटले आहे. राग आला म्हणजे आज्ञा मोडली, असे नाही.

त्या व्यक्तीला पश्चात्तापच नाही. तरीही क्षमा करायची का?

येथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात, आणि बहुतेक गोंधळ त्यातूनच होतो. सूड घेण्याचा आपला हक्क सोडून देणे, तुटलेले नाते पुन्हा जोडणे, आणि पुन्हा विश्वास टाकणे, या त्या तीन गोष्टी. पहिली एकट्याने करता येते आणि तिला समोरच्याची परवानगी लागत नाही. दुसरीला दोन माणसे लागतात. "त्याने पश्चात्ताप केल्यास त्याला क्षमा कर" असे लूक १७:३ मध्ये म्हटले आहे, ते या नात्याच्या अंगाने. तिसरी वागणुकीतून कमवावी लागते आणि तिला वेळ लागतो.

दावीद आणि शौल यांच्या गोष्टीत हा फरक जितका स्वच्छ दिसतो तितका तो क्वचितच कुठे दिसेल. राजा शौल दावीदाचा जीव घेण्यासाठी त्याच्या मागावर असतो, आणि एन-गेदीच्या गुहेत तोच दावीदाच्या हाती आयता सापडतो. दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापतो आणि त्याला जिवंत जाऊ देतो. शौल रडतो, आपली चूक कबूल करतो, दावीदाला आशीर्वाद देतो. आणि मग शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील त्या अध्यायाचे शेवटचे वाक्य सांगते की शौल आपल्या घरी गेला आणि दावीद व त्याची माणसे गडावर गेली. दावीदाने जीव वाचवला, पण त्या अश्रूंच्या भरवशावर तो राजवाड्यात राहायला गेला नाही. दोनच अध्यायांनंतर शौल पुन्हा त्याच्या मागावर निघालेला दिसतो. प्रेषित पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही आलेक्सांद्र तांबटाने माझे पुष्कळ वाईट केले असे सांगून, तूही त्याच्यापासून जप, असा इशारा दिला आहे.

घरात मारहाण होत असेल, तर 'दुसरा गाल पुढे कर' याचा अर्थ सहन करत राहा असा होतो का?

नाही. या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध ठेवण्याचे काही कारण नाही, कारण डोंगरावरील प्रवचनातल्याच या वचनाचा जितका दुरुपयोग येथे झाला आहे तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल.

प्रथम येशूचे स्वतःचे वागणे पाहावे. योहान १८:२२-२३ मध्ये प्रमुख याजकासमोर उभ्या असलेल्या येशूला एक शिपाई थप्पड मारतो. येशू उलट हात उचलत नाही, पण निमूटपणे दुसरा गालही पुढे करत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असा जाब तो विचारतो. म्हणजे ज्याने ती आज्ञा दिली त्याने ती सूड न घेण्याची आज्ञा म्हणून पाळली. अन्यायाला अन्याय न म्हणण्याची आज्ञा म्हणून पाळली नाही. फिलिप्पैमध्ये चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकलेल्या पौलाला अधिकारी गुपचूप सोडून देऊ लागतात, तेव्हा तो रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगून, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असा आग्रह धरतो, आणि ते येतात.

दुसरे असे की, ही आज्ञा ज्याच्यावर अन्याय झाला त्याला उद्देशून आहे आणि तिचे पालन त्याच्या स्वातंत्र्यातून व्हायचे आहे. मारणारा नवरा, त्याचे नातेवाईक किंवा मंडळीतील वडील मंडळी जेव्हा तेच वचन पीडित स्त्रीच्या तोंडावर फेकतात, तेव्हा ते आज्ञा शिकवत नसून तिचा हत्यार म्हणून वापर करत असतात. एखाद्या पाळकाने अशा स्त्रीला 'क्षमा करून घरी जा' असे सांगितले आणि मारणाऱ्याला काहीच विचारले नाही, तर त्याने दोघांचेही अहित केले. ज्याला रोज मारण्याची मोकळीक मिळते त्याचे त्यात कोणते कल्याण आहे? त्याचे हित इच्छिणे म्हणजे त्याचा हात थांबावा असे इच्छिणे, आणि तो स्वतःहून थांबत नसेल तर घर सोडणे, पोलिसांत तक्रार करणे, कायद्याचे संरक्षण घेणे यांतले काहीही या प्रीतीच्या आड येत नाही. आधी सुरक्षित जागा गाठावी. क्षमेचा विचार तेथे बसूनही करता येतो आणि त्याला मुदत नसते.

मग न्यायालयात जाणे चालते?

चालते. पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली होती. किंग यांनी बाँबच्या रात्री हत्यारे घेऊन जमलेल्या लोकांना शांतपणे घरी पाठवले आणि वैऱ्यांवर प्रीती करण्यास सांगितले. पण वर्णभेदाविरुद्ध पुकारलेला बसगाड्यांवरील बहिष्कार एका दिवसानेही मागे घेतला नाही. तो १९५६ च्या डिसेंबरपर्यंत चालला आणि त्याच्या जोडीला न्यायालयीन लढाही चालू होता. ओडिशातील मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळून मारण्यात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले. खटला मात्र त्याच्या मार्गाने पुढे गेला आणि दोषींना शिक्षा झाली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १३ मे १९८१ रोजी आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली अग्जाची १९८३ च्या नाताळानंतर दोनच दिवसांनी तुरुंगात जाऊन भेट घेतली, पण ती भेट संपल्यावर अग्जा तुरुंगातच राहिला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती २००० साली.

न्याय मागणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा : शिक्षेतून मला पुढचा अन्याय थांबायला हवा आहे, की त्याला तडफडताना पाहायचे आहे? उत्तर बहुधा दोन्हींचे मिश्रण असते, आणि तसे असले म्हणून तक्रार मागे घेण्याची गरज नाही.

दुसऱ्यावर झालेल्या अत्याचाराची क्षमा मी करू शकतो का?

नाही. ज्याचे ऋण त्यानेच सोडायचे असते. शेजाऱ्याच्या मुलाचा खून झाला असताना मी मारेकऱ्याला मोठ्या मनाने माफ करून टाकणे हा उद्धटपणा आहे. त्या मारेकऱ्याचा द्वेष न करणे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणे एवढे मात्र मला करता येते.

वैऱ्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास करण्याची भाषा तर सूडाचीच वाटते.

रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात पौल हे वाक्य जुन्या करारातील नीतिसूत्रे या पुस्तकातून घेतो : वैरी भुकेला असेल तर त्याला खायला दे, तान्हेला असेल तर प्यायला दे, असे केल्याने तू त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास करशील. काहींच्या मते हे निखारे देवाच्या न्यायाचे आहेत. चौथ्या-पाचव्या शतकांतील धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन याच्यापासून चालत आलेला दुसरा अर्थ असा की, ते लाजेचे आणि पश्चात्तापाचे चटके आहेत. लगेच पुढच्या वचनात 'बऱ्याने वाइटाला जिंक' असे म्हटले असल्यामुळे मला दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. वैऱ्याला जेवू घालून आतून त्याच्या नाशाची वाट पाहायची, ही कल्पना त्या वचनाशेजारी टिकत नाही.

जुन्या करारातील स्तोत्रांत तर शत्रूंना भयंकर शाप दिलेले आहेत. त्यांचे काय करायचे?

स्तोत्र १०९ आणि विशेषतः स्तोत्र १३७ चा शेवट वाचून अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. बाबेलमध्ये बंदिवान झालेल्या, आपले शहर जळताना पाहिलेल्या लोकांच्या तोंडचे स्तोत्र १३७ चे शब्द आहेत. अनेक मंडळ्यांत उपासनेच्या वेळी हे भाग गाळले जातात. त्यामागची अडचण समजण्यासारखी आहे, पण त्यामुळे दुखावलेल्या माणसाची एक सोय नाहीशी होते. या स्तोत्रांत मनातला सगळा विखार शब्दांत येतो, आणि तो देवापुढे मांडला जातो. स्तोत्रकर्ता स्वतः तलवार उचलत नाही. "सूड घेणे माझ्याकडे आहे, असे प्रभू म्हणतो" हे पौलाने उद्धृत केलेले वचन याच विश्वासावर उभे आहे. ज्याला अजून वैऱ्यासाठी आशीर्वाद मागता येत नाही, त्याने निदान आपला संताप योग्य ठिकाणी नेऊन ठेवावा. गोड बोलून दाबून ठेवलेल्या द्वेषापेक्षा ही प्रार्थना अधिक प्रामाणिक आहे.

सैनिकाने किंवा राष्ट्राने ही आज्ञा कशी पाळायची?

यावर ख्रिस्ती लोकांचे आजवर एकमत झालेले नाही. ऑगस्टीनच्या परंपरेने निरपराधांच्या रक्षणासाठी शस्त्र उचलण्यास मर्यादित मुभा दिली आणि आज्ञेचा भर अंतःकरणाच्या वृत्तीवर ठेवला. पण त्याच ऑगस्टीनने ४१२ साली, आपल्याच पक्षाच्या एका याजकाचा खून करणाऱ्यांना देहदंड देऊ नये आणि त्यांनी केली तशी अंगछेदाची शिक्षाही करू नये, अशी लेखी विनंती रोमी अधिकाऱ्याला केली होती, हे त्याचा आधार घेणारे सहसा सांगत नाहीत. दुसरीकडे, १५२७ सालच्या श्लाइटहाइमच्या विश्वासघोषणेपासून अ‍ॅनाबॅप्टिस्ट (प्रौढपणी स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेणाऱ्या) मंडळ्यांनी ख्रिस्ताच्या अनुयायाने तलवार धरू नये अशी भूमिका घेतली, आणि आजचे मेनोनाइट व आमिश त्याच परंपरेतले आहेत. दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर मात्र दुमत होऊ नये : शत्रूला माणूस न मानणारा प्रचार, कैद्यांचा छळ आणि पराभूतांची विटंबना यांना या आज्ञेत कोणतीही जागा नाही.

वैरी बदललाच नाही तर हे सगळे वाया गेले का?

पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला दगडमार होत असताना तो मारेकऱ्यांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा शौल नावाचा तरुण त्यांचे कपडे सांभाळत उभा असतो. पुढे तोच पौल झाला, ही गोष्ट प्रवचनांत आवडीने सांगितली जाते. तिच्यातला हनन्या मात्र फारसा आठवत नाही. दिमिष्कातल्या (दमास्कसमधल्या) या साध्या शिष्याला, तुम्हांला पकडायलाच आलेल्या शौलाकडे जा, असे सांगितले जाते. तो घाबरतो, या माणसाने काय काय केले ते देवालाच ऐकवतो, आणि तरी जातो, त्याच्यावर हात ठेवतो आणि त्याला 'भाऊ' म्हणून हाक मारतो.

पण प्रत्येक गोष्ट अशी संपत नाही. डर्क विलेम्स हा डच अ‍ॅनाबॅप्टिस्ट कैदेतून पळाला, पातळ बर्फावरून पलीकडे गेला, आणि पाठलाग करणारा माणूस बर्फ फुटून पाण्यात पडला तेव्हा मागे फिरून त्याने त्याला बाहेर काढले. त्यामुळे तो पुन्हा पकडला गेला, आणि १६ मे १५६९ रोजी आस्पेरन येथे त्याला जिवंत जाळण्यात आले. प्रीतीने वैरी हमखास मित्र होतो असे शिकवणारे लोक डर्कचे काय करतात, हे मला कळत नाही. सूर्य आणि पावसाचे कारण येथे पुन्हा पाहावे. त्यात फळाची अट घातलेली नाही.

प्रत्यक्षात सुरुवात कोठून करावी?

नाव घेऊन केलेल्या प्रार्थनेपासून. 'सर्व वैऱ्यांसाठी' अशी मोघम प्रार्थना सोपी असते. एका ठरावीक माणसाचे नाव उच्चारताना जीभ अडखळते, आणि खरे काम तेथेच सुरू होते. 'डिडाखे' या आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात तर छळणाऱ्यांसाठी उपासही करण्यास सांगितले आहे. काय मागावे हे सुचत नसेल, तर त्याला सत्य दिसावे आणि त्याच्या हातून आणखी वाईट होऊ नये, एवढे मागावे. त्याच्या दुष्कर्माला यश मिळो अशी प्रार्थना कोणी मागितलेली नाही.

त्यानंतर जीभ. त्याच्याविषयी खरे तेवढेच बोलावे, ऐकणाऱ्याला माहीत असण्याची गरज असेल तेवढेच बोलावे, आणि त्याच्या चांगल्या गुणाचा विषय निघाला तर तो नाकारू नये. अन्नपाणी देण्याची वेळ क्वचित येते. बोलण्याची रोज येते.

मीच कोणाचा तरी वैरी असेन तर?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, वास्तविक पौलाने सगळ्या विषयाची सुरुवात येथूनच केली आहे : आपण शत्रू असतानाच देवाने आपल्याशी समेट केला, असे तो रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात लिहितो. डोंगरावरील प्रवचनातही वैऱ्यांच्या वचनांआधी दुसरे एक वचन येते : वेदीपाशी अर्पण आणल्यावर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने चालत यावे, अशी वाट पाहायची नाही.

जाताना रिकाम्या हाताने मात्र जाऊ नये. जक्कय या मुख्य जकातदाराने अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन असे म्हटले. ज्याचे नुकसान केले त्याला आधी भरपाई द्यावी, सबब न सांगता चूक कबूल करावी, आणि क्षमा मिळाली नाही तर 'तुमचा धर्म तुम्हांला हेच शिकवतो का' असे विचारू नये.